विनोदाला वन्स मोअर नसतो

आमच्या घरात मी गोष्ट सांगायला लागलो की बायको पोळ्या लाटायला उठते. एकदा पाहुण्यांसमोरच म्हणाली, "अहो, तुमचे मामा चुकीच्या लग्नात जेवायला बसले की मला हाक मारा. तोवर माझ्या पोळ्या होतात." मी मामांना त्या लग्नात नेऊन बसवलं, हाक मारली, ती बाहेर आली, पाहुण्यांबरोबर नीट हसली आणि परत आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर याहून जास्त दाद मागणं बरं दिसत नाही.

माझ्याकडे एकूण पाच-सहाच गोष्टी आहेत. बारसं असो, मुंज असो, कुणाची साठीशांत असो, कोणीतरी म्हणतंच, "ती सांग ना, मामांची." बरीच वर्षं मला वाटायचं की लोकांना ती गोष्ट आवडते. पन्नाशी उलटल्यावर ध्यानात आलं की मला एका खुर्चीत बसवून ठेवायचा तो खात्रीचा उपाय आहे. नाहीतर मी आचाऱ्याला सल्ले द्यायला जातो.

तेव्हा एकच विनोद किती वेळा टिकतो, हा माझ्यासाठी अब्रूचा प्रश्न आहे. त्याचा जो काही अभ्यास माझ्याकडून झाला तो गाडीत झाला, धायरीहून कोथरूडला जाताना. आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा मी तिला तिकडे न्यायचो, आणि गाडीत प्रत्येक वेळी तोच एक स्टँडअपचा कार्यक्रम लागायचा.

आई मूळची सदाशिव पेठेतली. वडील लवकर गेले. आई कचेरीत कारकून होती, आणि हातभार म्हणून घरातली एक खोली शिकायला आलेल्या मुलांना द्यायची. किडन्या थकल्या तेव्हा आम्ही तिला धायरीला आमच्याकडे आणलं. धायरी म्हणजे पुणे नव्हे, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते ती आमच्याच घरात, आमच्याच सोफ्यावर बसून सांगायची. बायको माझी अकोल्याकडची. ती म्हणायची, "आई, मग मी तर पुण्यात आलेच नाही अजून." आई म्हणायची, "तेच म्हणतेय मी."

गाडीत काय लावायचं, हा पहिल्यांदा प्रश्नच होता. बातम्या तिला नको होत्या. मी जुनी गाणी लावली, तर दुसऱ्याच गाण्याला म्हणाली, "बंद कर. याने रडायला येतं."

"मग रड की."

"रडले तर तेवढं पाणी जास्त पिऊ देणार आहेत का?"

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. तिला दिवसाला एक लहान बाटली मिळायची, आणि त्यातच चहा आणि आमटीसुद्धा धरायची. त्यामुळे रडणं तिला परवडणारं नव्हतं, हे खरंच होतं.

मुलगी बंगलोरला असते. तिने हा कार्यक्रम मोबाइलवर पाठवला. "बाबा, आजीला ऐकव. धमाल आहे." विदर्भातून पुण्यात शिकायला आलेला एक तरुण पोरगा तासभर उभा राहून बोलत होता आणि समोर हॉलभर माणसं हसत होती. आई म्हणाली, "याला स्टँडअप का म्हणतात? कीर्तनकारही उभा राहूनच बोलतो. त्याला कोणी वेगळं नाव नाही दिलं."

त्या पोराचा सगळ्यात गाजलेला विनोद गीझरचा. तो त्याच्या बोलीत सांगायचा:

"मले एकशे दोन ताप. आमच्याकडं ताप आला की अर्धी गल्ली पाहाले येते. इथं कोणीच नाही. सकाळी घरमालकीण काकू दारात. काही बोलल्या नाही. आत आल्या आन् माह्या कपाळावर हात ठेवला. मले माही मायच आठवली. डोळ्यात पाणी. म्हटलं, पुण्यातबी माणसं आहेत बे. काकूनं हात काढलाच नाही, चांगलं अर्धं मिनिट. मंग मागं वळून आवाज दिला, 'अहो, गीझर बंद करा. याला आज लागत नाही.'"

हॉल कोसळला. मी इतका हसलो की मागच्याने हॉर्न दिला. आई समोर बघत होती.

"तापात आंघोळ करायचीच नसते," ती म्हणाली. "बाई बरोबर बोलली."

"आई, विनोद आहे तो."

"असेल. पण सल्ला योग्य आहे."

मला आधी कळलं नाही, मग पुलावर कळलं. आईने आयुष्यातली कितीतरी वर्षं अशाच मुलांची घरमालकीण म्हणून काढली होती. हॉलमधली सगळी माणसं त्या पोराकडून ऐकत होती. ती एकटी काकूकडून ऐकत होती.

पुढच्या खेपेला गाडी सुरू केली तर मोबाइल आपोआप जोडला गेला आणि तोच कार्यक्रम, मागे जिथे राहिला होता तिथून सुरू झाला. बदलू का म्हणून विचारलं. "असू दे," आई म्हणाली. "आता ओळख झालीय त्याच्याशी." अशी त्याची पारायणं सुरू झाली. जाताना ऐकायचं, येताना तिला झोप लागायची, आणि पुढच्या खेपेला पुढून सुरू. संपला की पुन्हा पहिल्यापासून. मी दुसरं काही शोधलं नाही. त्या दिवसांत मी काहीच शोधत नव्हतो. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तसं माझं एकूणच झालं होतं. गाडी चालवायचो, चाकाची खुर्ची काढायचो, आत नेऊन सोडायचो, वजनकाट्यावर तिला धरून उभी करायचो. सुई टोचणारी मुलगी विचारायची, "काय काकू, कशा आहात?" आई म्हणायची, "आहे. लाव." बाहेर बाकड्यावर बसून मी चार तास मोबाइलवर दुसऱ्यांच्या घरांच्या जाहिराती बघायचो.

तर, विनोदाचं काय होतं ते सांगतो. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा, विनोद यायच्या आधीच हसतो, आणि तो आला की थोडं कमी पडतं. पुढे मग हसू येत नाही, पण चुकल्यासारखं वाटू नये म्हणून आपण श्वास जरा जोरात सोडतो. त्याच्याही पुढे एक टप्पा येतो, तिथे विनोद ऐकूच येत नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं ऐकू येतं. त्या हॉलमध्ये एक बाई खोकायची. कोणाची तरी खुर्ची करकरायची. आणि एक गृहस्थ होते, ते सगळं हसणं संपल्यावर हसायचे, एकटे.

"हा आपल्या पेठेतला," आई म्हणाली.

"कशावरून?"

"आधी तपासून बघतो, मग हसतो."

त्यानंतर आम्ही दोघंही त्या गृहस्थांची वाट बघायला लागलो. विनोद झाला, हॉल हसला, शांत झाला, की आई एक बोट वर करायची, आणि बरोबर ते हसायचे. हेही किती दिवस चाललं असेल. मग त्यातलीही गंमत गेली. बोट मात्र ती वर करत राहिली.

एकदा राजाराम पुलाच्या सिग्नलला आम्ही बराच वेळ अडकलो होतो. पोरगा नेमका गीझरपाशी आला होता. आई म्हणाली, "आमच्या वेळी संगीत नाटकात पदाला वन्स मोअर मिळायचा. लोक ओरडायचे आणि तो नट मेलेला असला तरी उठून पुन्हा गायचा. पण विनोदी वाक्याला कोणी वन्स मोअर दिलेला ऐकलायस?"

"नाही."

"का नसेल देत?"

"माहीत असलेल्या विनोदात काय मजा?"

"पद काय माहीत नसायचं? पाठ असायचं लोकांना." तिने सिग्नलकडे बघितलं. "हसणाऱ्या माणसाला आपण कशाला हसलो ते आठवत नसतं रे. मग तो परत काय मागणार?"

सिग्नल सुटला आणि मी गाडी पुढे काढली. तेव्हा त्याच आवाजात, जणू पुढचा मुद्दा सांगावा तशी ती म्हणाली, "मी आता जायचं बंद करावं म्हणते."

"कुठे?"

"मंडईत. कुठे म्हणजे काय?"

डायलिसिस बंद करायचं म्हणजे काय होणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. केंद्रातली एक जागा मध्येच रिकामी होते आणि पुढच्या आठवड्यात तिथे नवीन माणूस दिसतो, तेव्हा तिकडे कोणी काही विचारत नाही. मी आयुष्यभर बडबड करत आलेला माणूस. मुंजीत बोललो, साठीशांतीत बोललो, ऑफिसातल्या निरोपसमारंभांत तर मला बोलू नका म्हणून सांगावं लागायचं. त्या वेळी मी म्हणालो, "हं."

आईने कारणं सांगितली. तिचा रक्तदाब दर वेळी मशिनवर खाली जायचा. परवा तर दोनदा शुद्ध गेली होती. "एक दिवस तिथे जातो," ती म्हणाली. "दुसरा दिवस तिथून आल्याच्या झोपेत जातो. असं करत करत उरतो तो रविवार. आणि रविवारी तुझ्या गोष्टी ऐकाव्या लागतात."

मी गाडी चालवत होतो. काहीतरी बोलायला पाहिजे, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "दुसरा कार्यक्रम डाउनलोड करू का?"

खरं सांगतो, मी हे खरंच विचारलं. जणू तो पोरगा ऐकून कंटाळा आल्यामुळे ती मरायला निघाली होती.

"कर," आई म्हणाली. "तुला होईल ऐकायला."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती आईजवळ जाऊन बसली. नाशिकला धाकटी बहीण असते, तिला फोन केला. ती आधी रडली, मग रागावली. "दादा, तू काय म्हणालास तिला?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? एरवी तोंड बंद होत नाही तुझं. तू समजाव तिला. तुला नीट सांगता येतं."

"बघतो," मी म्हणालो. मग मी आईपुढे जाऊन बसलो, आणि मला मामांची गोष्ट सोडून काही सुचेना. ती मी सांगितली नाही, एवढीच माझी त्या संध्याकाळची कर्तबगारी.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी मला बाहेर बसवून आईशी एकटीशी बोलून घेतलं, मग मला आत बोलावून तिच्यासमोर तेच पुन्हा विचारलं. कोणाच्या दबावाने नाही ना. मन फार उदास आहे का. पुढचे एक-दोन महिने अजून बघायचे का. आईने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. दुखेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, झोप वाढत जाईल, श्वासाला त्रास झाला तर औषध आहे, मी घरी येऊन बघीन. आठवडा लागेल, कदाचित थोडं जास्त, नक्की सांगता येत नाही. मग आई म्हणाली, "पाणी?"

"आता थोडं सैल सोडायला हरकत नाही. फार नाही."

"चहा पूर्ण कप चालेल?"

"चालेल."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघ. याला म्हणतात सुधारणा."

शेवटच्या डायलिसिसला जाताना तिने स्वतःच कार्यक्रम लावायला सांगितला. गीझर आला. हॉल हसला. पेठेतले गृहस्थ हसले. आई म्हणाली, "वन्स मोअर."

मी गाडी बाजूला घेतली आणि तो विनोद मागे नेऊन पुन्हा लावला. एकशे दोन ताप, अर्धी गल्ली, कपाळावर हात, अर्धं मिनिट, गीझर. हॉल हसला. आम्ही दोघंही हसलो नाही.

"तोच आहे," ती म्हणाली.

"तोच असणार ना."

"हो, पण खात्री केलेली बरी." आणि मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. आई गेल्यानंतर मी तो कार्यक्रम मोबाइलमधून काढून टाकला. भावनेच्या भरात वगैरे नाही. एकदा मोबाइलने जागा कमी आहे म्हणून सांगितलं तेव्हा.

पण विनोद तिथे संपला नाही. आईने डायलिसिस बंद केल्याची बातमी पसरली तशी माणसं भेटायला यायला लागली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांचा एक चेहरा असतो, तो ते लिफ्टमध्येच लावून येतात. सोफ्याच्या टोकावर बसतात. "कसं वाटतंय?" म्हणतात. त्यावर आजारी माणसाने "ठीक" म्हणायचं आणि सगळ्यांनी खाली बघायचं. आईला हे सहन होईना. पहिल्याच दिवशी, जुन्या इमारतीतल्या तीन बायका ओळीने खाली बघत बसल्या असताना, तिने उशी सरळ करून घेतली आणि म्हणाली, "आमच्याकडे तो एक मुलगा राहायचा बघा, त्याला एकदा ताप आला होता."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा राहिलो. तिने तो विनोद सांगितला. घरमालकीण ती स्वतः. वडील तर तोवर गेले होते, तेव्हा 'अहो' म्हणायला कोणी नव्हतं. तिथे तिने मला घेतलं. "आणि मी ह्याला हाक मारली," माझ्याकडे हात करून म्हणाली, "गीझर बंद कर रे, याला आज लागत नाही." तिघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हसावं की नाही, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मग एक जण फुटली, आणि तिघीही पदर तोंडाला लावून हसल्या.

आमच्याकडे गीझर नव्हता. बंब होता. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि बायकोने माझ्या हातातला ट्रे काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी चुलत भाऊ आला. त्याला सांगताना गीझरचा बंब झाला होता. मी रात्री मुद्दाम काही बोललो नव्हतो, तिचं तिलाच आठवलं असावं. "मी ह्याला म्हटलं, बंबात घातलेली लाकडं काढून ठेव." हे गीझरपेक्षा चांगलं होतं. भाऊ खूप हसला. त्या हॉलमधल्या पोराला पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी, तोच गीझर बंद करायचा होता, त्याच आवाजात. त्याला ती सोय नव्हती. आईकडे दर संध्याकाळी वेगळी माणसं आणि थोडी वेगळी लाकडं.

पेठेतल्या एक बाई आल्या, त्यांचा स्वतःचा मुलगा परदेशात असतो. आई सांगत होती आणि त्या आधीपासूनच रडत होत्या. आईने कपाळावर हात ठेवला तिथपर्यंत सगळं आणलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग त्याला झोप लागली, म्हणून मी हात काढला नाही. कचेरीत उशीर झाला मला." बाईंनी मान हलवली. बंबाचा विषयच निघाला नाही. त्या गेल्यावर मी आईला विचारलं, "खरंच होता का असा मुलगा?"

"इतकी मुलं राहून गेली. एकाला तरी ताप आला असेलच की."

"मला आठवत नाही."

"तुला नसायचाच ताप, मग तुझं लक्ष कशाला असेल?"

माणसं येत होती, बायको चहा करत होती, मी ट्रे फिरवत होतो. माझ्या आतून अजूनही काही येत नव्हतं. बहीण आली आणि आईच्या पायाशी बसून रडली. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणून जरा बरं वाटलं, कारण काहीतरी वाटलं. आईची झोप वाढत चालली होती. बोलता बोलता डोळे मिटायचे आणि उघडले की राहिलेलं वाक्य पूर्ण व्हायचं.

एका दुपारी कोणीच आलं नाही. बहीण आणि बायको औषधं आणायला गेल्या होत्या. आई जागी झाली, तिने खोलीत इकडे तिकडे बघितलं, मी एकटाच होतो. तिने हाताने उशी चाचपली. मी ती सरळ करून दिली.

"आमच्याकडे एक मुलगा राहायचा," ती म्हणाली.

मी खुर्ची जवळ घेतली. तिने पूर्ण सांगितला. वाक्यं लहान झाली होती आणि मध्ये बरंच थांबावं लागत होतं. ताप, खोली, कपाळ, हात. शेवटी बंब. नेहमीपेक्षा बराच चांगला सांगितला. कारण त्या थांबण्यामुळे आता पुढे काय, असं खरंच वाटत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"हसला नाहीस."

"मला माहीत होता ना."

"मग थांबवायचं होतंस."

खाली सोसायटीत कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो पीं-पीं आवाज येत होता. तो थांबला. मग विचारलं, "थांबवलं असतं तर थांबली असतीस?"

आपण कशाबद्दल बोलतोय, हे तिला विचारावं लागलं नाही.

"नाही," आई म्हणाली. "पण म्हणायची एक पद्धत असते."

"काय म्हणायची?"

"आग्रह करायची. जेवणारा झालं म्हणाला की लगेच कोणी पान उचलतं का? तू 'हं' म्हणालास. आणि तो दुसरा कार्यक्रम."

"तुला आवडलं नसतं आग्रह केलेला."

"आवडलं नसतंच. तो प्रश्न नाही."

मी तिच्याकडे बघितलं. रुसली होती असं नाही. पाहुणचारात राहून गेलेली एक गोष्ट दाखवून द्यावी, एवढंच होतं तिच्या तोंडावर. मी खुर्चीत जरा सरळ बसलो. वाटीभर आमटी घे म्हणावं, तशा आवाजात मी म्हणालो, "राहा ना अजून थोडे दिवस."

आईने पांघरुणातून हात काढला आणि पानावर धरतात तसा आडवा धरला, बोटं जुळवून. त्या हाताला सुयांच्या जागी काळे डाग होते.

"नको. झालं माझं."

"थोडे. चार दिवस."

"अरे, नको म्हटलं ना." हात तसाच होता. चेहरा मात्र सुटला होता. पंक्तीत वाढणाऱ्याने आपल्यापाशी थांबून नीट विचारलं, म्हणजे माणसाचा होतो तसा. मग तिने हात खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

बायको आली तेव्हा मी तिला गॅलरीत गाठून हे सांगितलं. ती औषधांची पिशवी हातात धरून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "किती वेळा म्हणालात?"

"दोनदा."

"दोनदाच?"

"आणखी किती वेळा म्हणायचं?"

"आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारत नाहीत," ती म्हणाली. "हात बाजूला करतात आणि वाढतात."

पिशवी तिच्याकडेच राहिली. मी आत गेलो. आईला गाढ झोप लागली होती, तोंड थोडं उघडं होतं. तिचा हात पांघरुणावर होता, तो मी बाजूला सरकवला आणि ती जागी व्हायची वाट बघत बसलो.